लिफ्टमनचा खांदा

मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत टीव्ही चार घरांत होते, पण गर्दी व्हायची ती अंबूबाईंच्याच घरी, कारण तिथे टीव्हीबरोबर कुतुबुद्दीन मास्तरही बघायला मिळायचे. बाकीची माणसं पडद्यावरचे चेहरे बघायची, मास्तर काजं आणि बटणं बघायचे. एखादी नटी ढसाढसा रडत असली, समोरच्या बायकांचे पदर डोळ्यांपर्यंत पोचले असले, की मास्तर मधेच बोलायचे, "मगाशी हिची बाही कोपरापतूर हुती, आता मनगटापतूर हाय. ही बाई रडता रडता मधी जेवून आलीया." मग सगळ्या बायका पडद्यावरच्या खलनायकाला सोडून मास्तरांवर तुटून पडायच्या. मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. खोट दिसली की ती सांगायची, एवढं एकच व्यसन त्या माणसाला होतं. विडीसुद्धा ओढत नसत.

हे व्यसन त्यांना कपडेपटात लागलं. अठराव्या वर्षी ते कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत शिंपी म्हणून चिकटले आणि बत्तीस वर्षं तिथेच राहिले. मावळ्यांच्या बाराबंद्या, सरदारांचे अंगरखे, पाटलांचे सदरे, सगळं त्यांच्या कात्रीखालून गेलं. सुरुवातीच्या दिवसांत एका चित्रपटात नायक दार उघडून घरात शिरतो असा प्रसंग होता. दाराबाहेरचं चित्रण झालं जानेवारीत आणि दाराआतलं मार्चमध्ये. नायकाचं वरचं बटण बाहेर उघडं आणि आत आल्यावर लावलेलं! चित्रपट जोडून बघताना दिग्दर्शकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय मास्तर, हा उंबरठ्यावर थांबून बटण लावत होता काय?" सगळे हसले. मास्तर त्या रात्री जेवले नाहीत. मागच्या तुकड्याशी पुढचा तुकडा जुळला पाहिजे, हे त्या दिवशी त्यांच्या डोक्यात जे बसलं ते कायमचंच.

पुढे स्टुडिओतली कामं आटत गेली, माणसं एकेक करून मुंबईला गेली. चौऱ्याहत्तर साली मास्तरांनी आपली कात्री घरी आणली आणि शाळेचे गणवेश शिवायला घेतले. गणवेशात डोकं चालवण्यासारखं काय असतं? पोरगं सोमवारी घालून जातं ते शनिवारी फाडूनच आणतं. असली बारा वर्षं काढल्यावर समोरच्या घरात टीव्ही आला आणि मास्तरांच्या डोळ्यांना पुन्हा काम मिळालं.

समोरचं घर म्हणजे अंबूबाईंचं. सत्तरीची बाई, अंगाने काटक, आवाज तालमीपर्यंत ऐकू जाईल असा. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणायची. नवरा गणपतराव वारलेला, थोरला मुलगा बाळासो गुळाच्या अडतीत. टीव्ही त्यानेच आणला होता, काळापांढरा, लाकडी सरकत्या दाराचा. शहाऐंशी साली त्यावर रविवारी सकाळी दहाला एक खुनाची मालिका लागायला लागली. तेरा भागांची. तिचं हिंदी नाव लांबलचक होतं, ते गल्लीत कुणाच्या तोंडात बसलं नाही. सगळे तिला नुसतं 'खून' म्हणायचे. "चला, खून लागला," असं एकमेकींना ओरडून सांगत बायका मटणाचं पातेलं बारीक जाळावर ठेवून आक्कांच्या घरी पळायच्या.

मालिका होती मुंबईतल्या एका सात मजली इमारतीची. पहिल्याच भागात एक शेठजी मेला आणि उरलेल्या सगळ्या भाडेकरूंवर संशय. मास्तर उजव्या अंगाला लाकडी स्टुलावर बसायचे. आक्का कॉटवर, बाळासो अर्धा वेळ गच्चीवर अँटेना फिरवायला. दुसऱ्या भागात एक डॉक्टर असा काही भेसूर दिसला, की सगळ्यांनी खुनी म्हणून त्याच्यावर शिक्कामोर्तब केलं. मास्तर म्हणाले, "छ्या! त्येच्या तोंडावर खालनं उजेड टाकलाय. आमी राक्षसाला टाकायचो तसा. म्हंजे ह्यानं केल्यालं न्हाय. खऱ्या खुन्यावर लई चांगला उजेड टाकत्यात, शेवटच्या भागापतूर." तिसऱ्या भागात डॉक्टर निर्दोष निघाला. चौथ्या भागात पाच वर्षांपूर्वीची हकिगत दाखवली, तेव्हा मास्तरांनी शेठजीच्या पोराची कॉलर दाखवून सांगितलं, की ही टोकं यंदाची आहेत, पाच वर्षांपूर्वी असली कॉलर कोण घालत होतं? म्हणजे ही हकिगत सांगणारा थापा मारतोय. आता ती कॉलर कपडेपटाची चूक होती की खरंच खूण होती हे देव जाणे, पण सांगणारा थापाच मारत होता असं निघालं. त्यानंतर मात्र बायका मास्तरांवर तुटून पडायच्या थांबल्या आणि त्यांच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

पाचव्या भागात इन्स्पेक्टर लिफ्टमध्ये शिरला. कोपऱ्यात एक लिफ्टमन उभा होता, डोक्यावर टोपी, मिशी, चाळिशीकडे झुकलेला. "कौनसा माला, साब?" एवढंच तो बोलला आणि दार लागलं.

आक्का कॉटवरनं उठून उभ्या राहिल्या. "बाळ्या," त्या म्हणाल्या, "ह्यो ज्ञानू हाय."

ज्ञानू म्हणजे आक्कांचा धाकटा. चौदा वर्षांमागे, बाविशीचा असताना, सिनेमात काम करणार म्हणून तो मुंबईला निघाला. गणपतराव म्हणाले, "गेलास तर परत तोंड दाखवू न्हगंस." बापाने रागात बोलायचं ते बोललं आणि मुलाने ते खरं धरलं. पहिल्या दिवाळीला दादरहून एक कार्ड आलं, त्यावर पत्ता नव्हता. मग तेही नाही. बाप गेला तरी कळवायचं कुठे हा प्रश्न होता. आक्का त्याचं नाव घ्यायच्या थांबल्या होत्या, म्हणून गल्लीही थांबली होती.

आता चौदा वर्षांनी, मुंग्या आलेल्या पडद्यावर, टोपीखालचा अर्धा चेहरा. त्यावरनं काय ठरवायचं? शेवटी नावं धावतात ती सुनेने डोळे ताणून वाचली, त्यांत ज्ञानू नव्हता. पण सिनेमात नावं बदलतात हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आवाज त्याच्यासारखा नव्हता. पण आवाज दुसऱ्याचा घालतात, हे मास्तरांनीच मागे कधीतरी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. बाळासोने दिल्लीला दूरदर्शनला पत्र टाकलं, त्याचं उत्तर कधीच आलं नाही. चार दिवसांनी आक्का स्वतः रस्ता ओलांडून मास्तरांच्या मशीनपाशी येऊन बसल्या.

"कुतूब, माजं मन म्हणतंय त्योच हाय. पण माज्या मनाचं काय खरं? तू सांग. त्येचं अंग तुला ठावं."

हे मात्र खरं होतं. बारा वर्षांचा असताना ज्ञानू तालमीत पडला, गळ्याजवळचं हाड मोडलं आणि वाकडंच बसलं. तेव्हापासून त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली. पुढची दहा वर्षं त्याचा प्रत्येक सदरा मास्तरांनी, स्टुडिओतलं काम सांभाळून, डावीकडे वेगळा कापला होता. चेहरा बदलतो, मिशी येते, गाल बसतात; असलं हाड बदलत नाही.

"खांदा बघून सांगतो, आक्का," मास्तर म्हणाले. सांगताना त्यांनी मशीनवरनं मान वर केली नाही, आणि त्याला कारण होतं. जायच्या आधी ज्ञानूने त्यांच्याकडून एक कोट शिवून घेतला होता. मास्तरांनी त्यात डाव्या खांद्याला कापूस भरून दोन्ही बाजू अशा बेमालूम सारख्या केल्या, की पोरगं आरशासमोरनं हलेना. "आता दिसतोस बघ नायक," असं त्यांनी म्हटलं. तिसऱ्या दिवशी पोरगं तोच कोट घालून गेलं. आक्कांनी त्या कोटाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, आणि तेच मास्तरांना चौदा वर्षं टोचत होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

खांदा बघायचा ठरला खरा, पण पंचाईत केली ती कॅमेऱ्याने. सहाव्या भागात लिफ्टमन स्टुलावर बसलेला आणि कॅमेरा त्याच्या नाकाला लागलेला. सातव्यात दिवे गेलेले, नुसती टोपीची कड दिसली. आठव्यात तो उभा होता, पण इन्स्पेक्टरच्या पाठीमागे; डावी बाजू सगळी झाकलेली. मास्तर पडद्यापासून दोन हातांवर येऊन बसायला लागले. त्यांच्या पाठीमुळे कुणाला काही दिसेना, तरी कुणी हटकलं नाही.

"सारका त्वांडच का दावत्यात रं?" आक्का वैतागून विचारायच्या.

"ती खरी लिफ्ट न्हवं, आक्का. प्लायवुडच्या तीन भिंती हाईत. कॅमेरा दोन पावलं मागं आला की स्टुडिओ दिसंल, दिवं दिसतील, च्या पीत बसल्याली माणसं दिसतील. म्हणून जवळ जवळच जात्यात. टीव्हीचा पडदाबी एवढुसा. लांबनं घेतलं तर माणूस मुंगीएवढा हुतोय."

"मुंगीएवढा दावा म्हणावं. मी वळखीन." मग थोडं थांबून, "त्या कॅमेऱ्यावाल्याला कुणीतरी सांगा की रं, जरा मागं सर म्हणून."

सगळे हसले, आक्काही हसल्या. त्या हल्ली हसायच्या. रविवारी सकाळी लवकर न्हाऊन ठेवणीतलं इरकल लुगडं नेसून बसायच्या. इन्स्पेक्टरने लिफ्टमनला दरडावलं की त्याची आई, बहीण सगळी काढायच्या. एकदा त्याने पडद्यावर नुसती जांभई दिली, तर म्हणाल्या, "जेवला न्हाय वाटतं." सून आत जाऊन रडली. बाळासो गच्चीवर जाऊन अँटेना फिरवत बसला, चित्र चांगलं असताना.

नवव्या भागात मास्तरांना जे दिसलं ते दिसलं नसतं तर बरं, असं त्यांना पुढे कितीदा तरी वाटलं. लिफ्टमनच्या गणवेशाच्या खिशातून किल्ली बाहेर येते, असा नुसत्या खिशाचा आणि हाताचा तुकडा होता. पडदाभर खिसा. त्याच्या झाकणावरचं काज आडवं होतं. पण मागच्याच रविवारी, लिफ्टमन दिव्याखाली उभा असताना, मास्तरांनी ते काज उभं बघितलं होतं. असल्या बाबतीत ते चुकत नसत. म्हणजे गणवेश दोन होते.

त्या दिवशी मास्तर एक अक्षर बोलले नाहीत. भाग संपल्यावर बाळासो त्यांच्या मागोमाग रस्त्यावर आला. "चाचा, आज गप? खांदा दिसला काय?"

"खांदा न्हाय दिसला." मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं. "बाळासो, चार वाक्यं बोलणाऱ्या माणसाला दोन गणवेश कोण शिवतंय? कपडेपटात एकाला एकच. दुसरा कवा शिवत्यात, पयला खराब हुणार असंल तवा. चिखलात पडायचा असंल, न्हायतर..."

"न्हायतर काय?"

"रगात."

मास्तर सांगत गेले, कारण एकदा सांगायला लागल्यावर त्यांना थांबता येत नसे. या माणसाने खुन्याला लिफ्टमधनं वर नेलंय, म्हणून लिहिणाऱ्याने त्याला अजून बोलू दिलेलं नाही. जेव्हा तो बोलायला तोंड उघडेल तेव्हाच मरेल. आणि मरेल तो बाराव्या भागात. तेरावा भाग उलगडा करायला लागतो, त्यात मारामारी करत नाहीत.

"म्हंजे आईच्या डोळ्यांदेखत..." बाळासोने वर गच्चीकडे बघितलं. मग म्हणाला, "बाराव्याला मी अँटेना फिरवतो, चाचा. सगळं चित्रच घालवतो. वारं लई सुटलंय म्हणून सांगू."

"न्हाय, तसं करू न्हगंस," मास्तर एकदम म्हणाले. "तवा कदाचित कॅमेरा मागं येईल. मला खांदा बघायचाय." म्हटल्यावर त्यांनाच लाज वाटली. आक्कांसाठी बघायचाय की आपल्यासाठी, हे त्यांना सांगता आलं नसतं. ज्ञानू कुठेतरी धडपणे उभा आहे, दोन घास खातोय, एवढं एकदा कळलं असतं तर तो कोट त्यांच्या मनावरनं उतरला असता.

दहावा गेला, अकरावा गेला. बाराव्याच्या आदल्या संध्याकाळी मास्तर मशीनवर बसून एकच शिवण तिसऱ्यांदा उसवत होते. त्यांची बायको नजीरा तांदूळ निवडत होती. चाळीस वर्षांचा संसार. नवरा शिवण उसवायला लागला की पोटात काहीतरी आहे हे तिला कळायचं.

"मी काय म्हणते," ती ताटातनं डोळे न काढता म्हणाली, "खांदा सरळ दिसू दे न्हायतर वाकडा दिसू दे. आक्कांनी इचारलं की 'व्हय' म्हणायचं. मुंबईत हाय, काम करतोय, असं वाटू दे तिला."

"खोटं सांगू?"

"बत्तीस वर्सं मावळ्यांच्या पोटाला लाल रंग लावून लोकांस्नी रडवलासा, ते काय खरं हुतं?"

"पण त्या भागात त्यो मरणार, नजीरा."

"नाटकातच न्हवं? उद्या उठून दुसऱ्या मालिकेत दिसंल. आक्का काय खुळी हाय व्हय, तिला कळतंय की सगळं." नजीराने एक खडा वेचून बाजूला टाकला. "बाईनं सहा हप्ते ठेवणीतलं लुगडं नेसलंय. ते काढून घेऊ नगासा."

मास्तरांनी मान हलवली. 'व्हय' म्हणायचं ठरलं. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी तो शब्द दोन-तीनदा हळूच म्हणूनही बघितला. नटांना इतकी वर्षं बघितलं होतं, पण एक शब्द बोलणं एवढं कठीण असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

बारावा भाग लागला तेव्हा खोली दारापर्यंत भरली होती. नजीराही पाठीमागे येऊन उभी राहिली. पहिली पंधरा मिनिटं वकील आणि शेठाणी यांच्यातच गेली. मग लिफ्टमन दिसला, एकटाच, लिफ्टमधल्या स्टुलावर. खिशाचं काज उभं होतं. त्याने टोपी काढली, बोटांत फिरवली, पुन्हा घातली. मग खाली जाऊन चौकीदाराच्या टेबलावरचा फोन उचलला. "साब," तो म्हणाला, "मैंने देखा है. सब बताता हूँ. आप आ जाइए."

"बोलला की रं!" आक्का खूश होऊन म्हणाल्या.

लिफ्टमन पुन्हा वर आला. लिफ्टचं दार उघडलं आणि तो बाहेर पडून लांब व्हरांड्यातून चालायला लागला. आणि कॅमेरा या वेळी त्याच्या मागे गेला नाही. तो लिफ्टच्या दारातच थांबला. मास्तरांच्या लगेच लक्षात आलं: हा सेट नाही, ही खरी इमारत आहे, खरा व्हरांडा, इथे मागे लपवायला काही नाही. माणूस पाठमोरा चालत होता आणि डोक्यापासून पायापर्यंत सगळा दिसत होता. अंगात गणवेशाचा पातळ कापडाचा सदरा. असल्या सदऱ्यात कापूस भरता येत नाही. वरचे दिवे एकामागून एक त्याच्या खांद्यांवरून सरकत होते, आणि दोन्ही खांदे टेबलावर पट्टी ठेवावी तसे सरळ होते. मास्तरांनी सहा पावलं बघितली, सात पावलं बघितली. हात हलत होते ते सारखे, बाह्या पडत होत्या त्या सारख्या.

तो ज्ञानू नव्हता.

मास्तरांना हे पचवायलाही वेळ मिळाला नाही. व्हरांड्याच्या टोकाला कुणीतरी पुढे आलं, सावलीच नुसती. लिफ्टमन दचकून वळला, त्याने दोन्ही हात पुढे केले, आणि मग त्याच्या छातीवर काळा डाग पसरत गेला. तो भिंतीला धरून हळूहळू खाली बसला. आता मात्र कॅमेरा जवळ गेला, आजवर कधी गेला नव्हता एवढा जवळ. टोपी पडली होती. डोळे उघडे होते, तोंड थोडं उघडं, काहीतरी सांगायचं राहिलेलं. त्या चेहऱ्यावरच चित्र थांबलं आणि नावं धावायला लागली.

कुणी उठलं नाही. आक्कांकडे बघायचा धीर कुणाला होत नव्हता. सुनेने पुढे होऊन टीव्ही बंद केला. स्वयंपाकघरातून रश्श्याचा वास येत होता आणि त्या वेळी तो फार विचित्र वाटला.

"कुतूब."

"जी, आक्का."

"दिसला खांदा?"

मास्तर वळले. आक्का कॉटची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या होत्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. चेहरा मात्र असा झाला होता, की मास्तरांनी आयुष्यात एवढे नट रडताना बघितले, पण असा चेहरा बघितला नव्हता.

"दिसला."

"मग सांग की. कापड बघून सांगतोस तसं सांग."

दारात उभ्या असलेल्या नजीराने हळूच मान हलवली. 'व्हय' मास्तरांच्या जिभेवर तयार होता. पण कापड बघून सांग असं म्हटल्यावर त्या माणसाला खोटं कसं बोलता येणार? बत्तीस वर्षांत त्यांनी न बसणाऱ्या कपड्याला बसतोय म्हटलं नव्हतं. डोळे खाली घालून ते म्हणाले, "न्हाय, आक्का. दोन्ही खांदं सरळ हाईत. ह्यो आपला ज्ञानू न्हाय."

नजीराने कपाळाला हात लावला. बाळासोने तोंड फिरवलं.

"सरळ हाईत?"

"पट्टी लावल्यागत."

"नक्की बघितलास?"

"आक्का, माप माज्या हातचं हाय. त्यो न्हाय."

आक्कांनी कॉटची कड सोडली. छातीवर हात ठेवून एक लांब श्वास घेतला, आणि मग एवढा वेळ कोरड्या राहिलेल्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "जोतिबा पावला," त्या म्हणाल्या. "जोतिबा पावला रं बाबा! त्यो पडला तवा माजा जीवच गेलाता. म्हटलं, देवा, एवढ्या दिवसानं दावलास त्यो असा? मला कळतंय खोटं असतंय म्हणून. पण डोळं उघडं हुतं की रं त्येचं." पदराने तोंड पुसून त्यांनी खोलीभर सगळ्यांकडे बघितलं. "आपला न्हाय त्यो. आपला जित्ता हाय."

मुलगा पडद्यावर दिसावा म्हणून जी बाई आठ रविवार जीव टाकत होती, ती तो मुलगा नव्हता म्हणून आता देवाला हात जोडत होती, आणि आपल्या एका शब्दाने तिचं सगळं जाईल असं धरून मास्तर महिनाभर झोपले नव्हते. ते स्टुलावरच वाकले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. कोटाचं आज त्यांना कुणाला तरी सांगायचं होतं, पण हुंदके थांबत नव्हते.

"तू कशाला रडायलाईस खुळ्या?" आक्का म्हणाल्या. त्यांनी हात लांब करून मास्तरांच्या पाठीवरून फिरवला. "कोट चांगला शिवलावतास तू. लई रुबाबदार दिसत हुता त्यात. मी मागनं बघत उभी हुते, पार रस्त्याच्या वळणापतूर."

मग त्यांनी सुनेला ताटं करायला सांगितली. नजीराला हात धरून बसवलं. मास्तर डोळे पुसून निघाले तर त्यांना दारातच अडवून विचारलं, "ही मालिका आता संपणार न्हवं?"

"एक भाग ऱ्हायलाय, आक्का."

"मग दुसरी लागंल?"

"लागंल की. लागतच ऱ्हाणार."

"तीतबी माणसं असतील. मागं उभी ऱ्हायलेली, च्या आणून देणारी, दार उघडणारी. त्यातल्या एकाद्यात असंल. तू येत जा, कुतूब. माज्या डोळ्यांस्नी सगळीच त्येच्यासारकी दिसत्यात."

"येतो, आक्का," मास्तर म्हणाले.

पुढच्या रविवारी तेराव्या भागात खुनी सापडला. तो कोण निघाला हे मास्तरांना संध्याकाळी नजीराला विचारावं लागलं. ते सगळा वेळ कचेरीत, बाजारात, कोर्टात मागे उभ्या असलेल्या माणसांचे खांदे बघत होते.